कुईकाच्या टेकडीवरचा मुका भोंगा

१

त्या गुरुवारी दुपारी कुईकाची टेकडी खाली आली आणि भोंगा वाजला नाही.

एवढ्या दोन गोष्टींवर आमच्या पेद्रा मान्सा गावात एकमत होतं. बाकी प्रत्येकाची आपापली कहाणी होती. दोना एउलिना चुलीवर घेवडा ठेवून अंगणातले कपडे काढायला गेली होती. तिच्या शेजारचं म्हातारं जोडपं जेवून आडवं झालं होतं. तिघंही चिखलाखाली गेली. एउलिनाचा मुलगा वाल्देमिर बस चालवतो, तो तेव्हा खालच्या थांब्यावर गाडी लावून कॉफी पीत होता. त्याने टेकडी सरकताना डोळ्यांनी पाहिली.

मी ओदेते. नागरी संरक्षण कार्यालयात बिनतारी संचावर बसते. शेजारच्या खोलीत जेनिवाल बसायचा, पावसाच्या पडद्यासमोर. टेकडीवरचा पाऊसमापक दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवतो. तासाभरात चाळीस मिलिमीटरच्या वर गेला, की यंत्रणा आपोआप भोंगा वाजवते. भिंतीवर एक किल्लीही आहे. ती फिरवली की भोंगा हाताने वाजवता येतो आणि बंदही करता येतो. किल्ली जेनिवालकडे असायची.

म्हणून संध्याकाळपर्यंत गावाने निकाल देऊन टाकला. जेनिवालने किल्ली फिरवून भोंगा बंद केला होता. कारणही तयार होतं. मागच्या हिवाळ्यात नुसती भुरभुर आली तरी भोंगा बोंबलायचा आणि लोक बारमध्ये जेनिवालची टर उडवायचे. "काय रे, आज गाईने शिंक दिली म्हणून वाजवलास का?" असं कुणीतरी म्हणालं, तेव्हा तो वैतागून बोलून गेला होता, "एक दिवस त्या भोंग्याच्या तोंडात बोळा कोंबणार आहे मी."

हे वाक्य आता सगळ्यांना तोंडपाठ होतं.

मेजर अनिबाल आमचे प्रमुख. त्यांनी त्याच संध्याकाळी जेनिवालला घरी बसवलं आणि किल्ली काढून घेतली. वाल्देमिरने त्याच्या दारावर चिखल फासला. पोलीस पुढच्या आठवड्यात त्याला ताब्यात घेणार, असं माझ्या कानावर आलं. मला विचारत होते, की तो किल्लीपाशी गेला होता का. मी शपथेवर काय सांगणार? आमच्या मध्ये भिंत होती.

२

सरकारी वकिलांनी रिओहून एक बाई पाठवल्या. संगणकशास्त्राच्या प्राध्यापक इयोलांदा क्वारेज्मा. पावसाळी बूट, हातात चीजचे पाव भरलेली पिशवी, आणि समोरच्याचं बोलणं संपल्यावरही क्षणभर गप्प राहण्याची सवय. त्या गप्पपणात माणूस हवं ते आणि नको तेही बोलून जायचा.

त्या आल्या त्या मंगळवारी आकाश स्वच्छ होतं, पण हवामान खात्याने बुधवारी दुपारसाठी लाल इशारा दिला होता. आणि भोंगा बंद होता. मेजरनी तो रविवारी दफनाच्या वेळी बंद केला, तो परत चालू केलाच नव्हता. कारण सापडेपर्यंत वाजवायचा नाही, असा त्यांचा हुकूम. कुईकावर अजून चाळीसेक घरांत माणसं राहत होती. मी सकाळपासून दर थोड्या वेळाने खिडकीतून पश्चिमेकडे बघत होते.

बाईंनी आधी जेनिवालला गाठलं. मीच त्यांना त्याच्या घरी घेऊन गेले. तो स्वयंपाकघरात बसला होता, दाढी वाढलेली. बाईंनी पाव पुढे केले, त्याने हात लावला नाही.

त्याने सांगितलं ते असं. पडद्यावर अठ्ठेचाळीस आकडा आला. तो त्याने नीट पाहिला. त्याच्या शेजारचा दिवा लाल व्हायला हवा होता, तो हिरवाच राहिला. त्याला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. हाताने भोंगा वाजवायचा तर मेजरना विचारल्याशिवाय नाही, असा हिवाळ्यापासूनचा नियम होता. त्याने फोन लावला. मेजर सभेत होते. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्याने फोन टाकून किल्लीला हात घातला, ती फिरवणार तेवढ्यात माझ्या संचावरून टेकडी खाली आल्याची बातमी आली.

"म्हणजे तुम्ही किल्लीला हात लावलात," बाई म्हणाल्या.

"वाजवायला लावला. बंद करायला नाही."

"हे कुणी पाहिलं?"

त्याने पावांची पिशवी बाजूला सारली. "बाई, तिसऱ्या फोनची वाट बघायला नको होती. तेवढा माझा गुन्हा मी मान्य करतो. पण बोळा मी कोंबला नाही."

३

मेजर अनिबाल जरा चढ्या आवाजात बोलले. खोटे भोंगे वाजून वाजून लोकांचा विश्वास उडाला होता, एक म्हातारी पळताना पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं, म्हणून त्यांनी तो नियम केला. यंत्रणेतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. मात्र एका मुद्द्यावर ते ठाम होते. दर महिन्याला चाचणी होते. पडद्यावर हाताने पन्नास आकडा टाकतात, आणि भोंगा दर वेळी वाजतो. टेकडी खाली येण्याच्या आदल्या आठवड्यातही वाजला होता. यंत्र निर्दोष असेल तर दोष माणसाचा, असा त्यांचा हिशेब.

यंत्रणा दोन संगणकी भाषांत लिहिलेली होती आणि दोन माणसांनी सांभाळलेली. भोंगा वाजवणारा मोठा, जड भाग जावामध्ये. तो कंत्राटदार कंपनीच्या ओतोनिएलचा. पन्नाशीचा, मृदू बोलणारा माणूस, गावातल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. त्या जावाच्या पोटात एक छोटी भाषा बसवलेली होती, लुआ. ती तर आमच्या रिओचीच लेक. प्रत्येक टेकडीचे नियम त्या भाषेत चार-दोन ओळींत लिहायचे, म्हणजे मोठ्या भागाला हात लावावा लागत नाही. त्या ओळी रोझाउरा लिहायची. ती आमच्याच कार्यालयात, पंचविशीची, आणि गुरुवारपासून तिचे डोळे सुजलेले होते.

रोझाउराने बाईंना सांगितलं, की तिच्या ओळी साध्या आहेत. पाऊसमापकाचा संदेश येतो, त्यातून आकडा कापून घ्यायचा आणि जावाच्या 'तपास' नावाच्या कामाकडे सोपवायचा. पुढचं जावा बघेल. एप्रिलमध्ये मापक नवा आला, परदेशी. जुना फक्त पूर्ण मिलिमीटर सांगायचा, हा दशांशही सांगतो. "तेही मूड असेल तेव्हा," ती म्हणाली. "पाऊस खूप जोरात आला की हा दशांश सोडून देतो, पूर्ण आकड्यातच बोलतो."

"ओळी कधी बदलल्यास?"

"नाही बदलल्या. मापक बदलला तेव्हासुद्धा नाही. गरजच पडली नाही."

ओतोनिएलची गाठ शेवटी घेतली. त्याने बाईंना खुर्ची पुसून दिली, कॉफी ओतून दिली. त्याच्या मते जावाचा भाग वर्षानुवर्षं बिनचूक चालला होता. रोझाउराचं तो वाईट बोलला नाही, उलट मुलगी हुशार आहे म्हणाला. जेनिवालबद्दल विचारलं तेव्हा म्हणाला, "थकलेला माणूस काय करील सांगता येत नाही." आणि खिडकीबाहेर बघू लागला.

४

दुपारी बाईंनी सगळ्यांना पडद्याच्या खोलीत बोलावलं. भोंग्याची तार काढून ठेवली होती, फक्त दिवा जोडलेला. गुरुवारी टेकडीवरून आलेला संदेश जसाच्या तसा यंत्रात जपलेला होता. तोच बाईंनी पुन्हा आत सोडला. अठ्ठेचाळीस.

दिवा लाल झाला.

बाईंनी पुन्हा सोडला. पुन्हा लाल. त्या दुपारी याच संदेशावर दिवा हिरवा राहिला, असं जेनिवाल सांगत होता, आणि इथे तोच संदेश दोन्ही वेळा भोंगा वाजवायला निघाला होता.

"झालं तर मग," मेजर हळू आवाजात म्हणाले. त्यांना आनंद झाला नव्हता, हे मात्र मी सांगते. "यंत्र बोलतंय. माणूस खोटं बोलतोय."

रोझाउरा रडायला लागली. ओतोनिएलने तिला पाणी आणून दिलं. मी अकरा वर्षं त्या माणसाशेजारी बसले होते, आणि तरी त्या क्षणी मलाही वाटलं, की जेनिवालने भोंगा बंद करायला किल्ली फिरवली असेल.

मेजर फोनकडे वळले. पोलिसांना सांगायचं होतं. बाई म्हणाल्या, "मला तासभर द्या."

५

आम्ही दोघी मागच्या पायरीवर बसलो. पश्चिमेला डोंगरामागे करडी रेघ उठली होती. बाईंनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, की रविवारी दफनाच्या वेळी मेजरनी भोंगा का बंद केला.

मला आश्चर्य वाटलं, हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. दोना एउलिनाची पेटी खाली सोडत असताना भुरभुर सुरू झाली, जेमतेम टोपी ओली होईल एवढी, आणि टेकडीवरून भोंगा केकाटायला लागला. जिवंत होत्या तेव्हा मुका, आणि आता वाजतोय. बायका ओरडल्या. वाल्देमिर कबरीत उतरायला निघाला, त्याला चौघांनी धरलं. हिवाळ्यातली ती खोड परत आली, असं आम्ही म्हणालो.

"परत आली?" बाई म्हणाल्या. "मध्ये गेली होती का?"

"हो ना. एप्रिल ते जून, आमच्याकडे हिवाळ्याचे दिवस, नुसता छळ. जुलैपासून एकदम शहाणा झाला. रिमझिम पावसात एकदाही वाजला नाही. थेट रविवारी."

बाई गप्प राहिल्या. या वेळी तो गप्पपणा मला बोलतं करायला नव्हता. मग त्या पुटपुटल्या, "यंत्राला आपण होऊन खोड लागत नाही, आणि सुटतही नाही."

त्या उठल्या. मी त्यांच्यामागे जवळजवळ धावतच गेले.

त्यांनी सगळ्यांना पुन्हा बसवलं. मग पडद्यावर हाताने सहा पूर्णांक दोन आकडा टाकला, महिन्याच्या चाचणीत टाकतात तसा. हलका पाऊस. दिवा हिरवा. मग तोच सहा पूर्णांक दोन त्यांनी मापकाच्या संदेशातून आत सोडला.

दिवा लाल.

"पाऊस तोच," त्या म्हणाल्या. "मग फरक कशात? रोझाउरा, तू संदेशातून आकडा कापतेस तेव्हा तुझ्या हातात काय येतं? आकडा, की आकड्यासारखी दिसणारी अक्षरं?"

रोझाउराने तोंडावर हात ठेवला. "अक्षरं. पण लुआमध्ये काही अडत नाही. त्यांची बेरीज केली तरी होते. ती आपण होऊन समजून घेते."

"लुआ समजून घेते. जावा नाही. जावाच्या दारात 'तपास' नावाचे दोन कारकून बसलेत. एकच नाव, पण एक फक्त आकडे घेतो, दुसरा फक्त अक्षरं. तू हाक मारलीस, की हातात काय आहे ते बघून दोघांतला एक उठतो. चाचणीत हाताने आकडा टाकतात, तेव्हा पहिला उठतो, आणि तो चोख आहे. टेकडीवरून संदेश येतो तेव्हा दुसरा उठतो. त्याची चाचणी कुणी कधी घेतलीच नाही."

मेजर म्हणाले, "पण हा दुसरा चुकतो कुठे?"

"तो आपल्यासारखा वाचतो, मेजर साहेब. तुम्ही सहा पूर्णांक दोन कसं लिहाल? आपल्या देशात मध्ये स्वल्पविराम देतात. ठिपका आपण हजारांचे गट पाडायला ठेवतो. परदेशी मापक मात्र मध्ये ठिपका देतो. दुसऱ्या कारकुनाने तो ठिपका शोभेचा समजून टाकून दिला आणि बासष्ट वाचलं. म्हणून भुरभुरीत बोंब. जुना मापक ठिपका देतच नव्हता, म्हणून इतकी वर्षं कुणाला कळलं नाही."

"हे खोट्या भोंग्याचं झालं," मेजर म्हणाले. "गुरुवारचं काय? अठ्ठेचाळीसला तर आत्ता लाल होतोय."

"आत्ता होतोय," बाई म्हणाल्या. "जुलै ते गुरुवार भुरभुरीला भोंगा वाजत नव्हता. म्हणजे त्या काळात दुसरा कारकून बासष्ट वाचूनही गप्प बसायला शिकला होता. त्याला कुणीतरी शिकवलं होतं. तुम्ही शिकवायला असता तर काय केलं असतं? सगळे आकडे दहापट येताना दिसतायत."

रोझाउराच म्हणाली, अगदी हळू. "दहाने भागलं असतं."

"बासष्टचे सहा पूर्णांक दोन. सगळं सुरळीत. आता सांग, खूप जोराचा पाऊस आला, मापकाने दशांश सोडला, ठिपकाच नाही. नुसते अठ्ठेचाळीस आले. दहाने भागले, तर?"

चार पूर्णांक आठ. म्हणजे हलका पाऊस तो बरोबर मोजत होता, आणि नेमका जीवघेणा पाऊस आला, की त्याला ती भुरभुर वाटायची.

"आणि रविवारी खोड परत आली," बाई पुढे म्हणाल्या, "म्हणजे गुरुवार ते रविवार कुणीतरी ते दहाने भागणं काढून टाकलं. जेनिवाल नाही, त्याची किल्ली आणि प्रवेश गुरुवारीच गेला. मेजरना ते जमणार नाही. रोझाउराच्या ओळी जुन्याच आहेत, आणि तिला दुसऱ्या कारकुनाचं अस्तित्वच माहीत नव्हतं."

त्यांनी ओतोनिएलकडे बघितलंसुद्धा नाही. आम्ही सगळ्यांनी बघितलं.

६

तो उभा राहिला नाही, नाकारलंही नाही. चष्मा काढून मांडीवर ठेवला.

त्याने जे सांगितलं ते मी थोडक्यात सांगते, कारण त्याला बोलायला फार वेळ लागला. म्हातारीचं हाड मोडलं त्या रात्री त्याला झोप लागली नाही. जावाला बासष्ट पोचतात आणि पाऊस तर सहाचा असतो, हे त्याला दिसलं. मापक दशांशातच मोजत असणार, असं त्याने धरलं. रोझाउराला विचारायला एक निरोप पुरला असता. पण आपल्या कामात खोट आहे हे पोरीपुढे कशाला, असं त्याला वाटलं. एक ओळ टाकली. भोंगे थांबले. लोक खूश झाले, आणि आपण काय केलं ते त्याने कुणालाच सांगितलं नाही.

गुरुवारी बातमी आली तेव्हा त्याला अठ्ठेचाळीस आकडा कळला, आणि तो लगेच समजला. ती ओळ त्याने शुक्रवारी पहाटे काढली.

"पुन्हा कुणी मरू नये म्हणून काढली," तो म्हणाला.

"आणि जेनिवाल?" मी विचारलं. मी विचारायला नको होतं, पण विचारलं.

त्याने मांडीवरचा चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मला वाटलं, त्याच्याविरुद्ध पुरावा मिळणार नाही. तो सुटेल. मग सांगायची गरजच पडणार नाही."

"दारावर चिखल फासला त्याच्या," मी म्हटलं.

"माहीत आहे. मी त्या रस्त्याने जात नाही हल्ली."

बाई म्हणाल्या, "तुमच्या ओळीने माणसं मेली, ती चूक होती, ओतोनिएल साहेब. अशी चूक माझ्याही हातून होऊ शकते. पण शुक्रवारी पहाटे तुम्हाला खरं कळलं होतं, आणि आज मंगळवार आहे. त्याला मी चूक म्हणणार नाही."

मग त्यांनी रोझाउराला शेजारी बसवलं. दुरुस्ती एका ओळीची होती. कापलेली अक्षरं जावाकडे सोपवण्याआधी त्यांचा खरा आकडा करायचा, म्हणजे पहिलाच कारकून उठेल. रोझाउराने ती लिहिली, दोनदा खोडून. हलका पाऊस सोडला, हिरवा. जोराचा सोडला, लाल. ठिपक्यासह, ठिपक्याशिवाय, सगळं सोडून बघितलं. मेजरनी भोंग्याची तार स्वतः परत जोडली. ओतोनिएलला सरकारी वकिलांची गाडी घेऊन गेली.

७

बुधवारी जेवणाच्या सुमारास आभाळ फाटलं. आकडा एकेचाळीसवर गेला आणि भोंगा वाजला. असा आवाज ऐकून मला कधी बरं वाटेल, असं वाटलं नव्हतं. पण ते फार टिकलं नाही.

कुईकावरून कुणी उतरेना.

मी संचावर होते. वरच्या स्वयंसेवकाने कळवलं, की लोक दारात उभे राहून ऐकतायत आणि परत आत जातायत. रविवारीही वाजला होता ना. कशावर विश्वास ठेवायचा? मेजर ध्वनिक्षेपक घेऊन पायथ्याशी ओरडत होते, आणि त्यांच्यावर तर कुणाचाच विश्वास उरला नव्हता.

तेव्हा जेनिवाल आला. कामावर नाही, घरूनच, पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन. त्याने माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. एकेचाळीसचे सत्तेचाळीस झाले होते. मी म्हटलं, "जाऊ नकोस, तुला मारतील." त्याने मान हलवली आणि टेकडी चढायला लागला.

पुढचं मला स्वयंसेवकाने सांगितलं. जेनिवाल प्रत्येक दारात गेला. फार बोलला नाही. "मी भोंग्यावरचा जेनिवाल. त्या दिवशी तो वाजायला हवा होता, वाजला नाही. आज खरा वाजतोय. चला." एका दारातून त्याला शिवी मिळाली, तो तिथेच पावसात उभा राहिला, ते घर रिकामं होईपर्यंत. सगळ्यात वर वाल्देमिर होता, आपल्या लेकीला घेऊन. आईच्या घराच्या उरलेल्या भिंतीपासून तो हलत नव्हता. दोघांत काय बोलणं झालं ते स्वयंसेवकाला ऐकू आलं नाही. वाल्देमिरने त्याची गचांडी धरली होती, एवढं दिसलं. मग ती सोडली, आणि लेक जेनिवालच्या कडेवर दिली.

ते शेवटचे उतरले. त्यांच्यामागे टेकडीचा वरचा भाग बसला. आवाज मला संचावरही आला. पलीकडून स्वयंसेवक ओरडून सांगत होता, की घरं गेली, माणूस एकही नाही, एकही नाही.

संध्याकाळी मी शाळेच्या व्यायामशाळेत गेले. ओल्या कांबळ्यांचा वास, मोठ्या पातेल्यात सूप, रडणारी पोरं. इयोलांदा बाई एका कोपऱ्यात म्हातारीचे पाय पुसत होत्या. रोझाउरा वाट्या वाटत होती. ओतोनिएलची बातमी तोवर सगळ्यांना कळली होती.

जेनिवाल दारात उभा होता, निथळत. आत यायचं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं. लोक त्याच्याकडे बघायचे आणि नजर सूपकडे वळवायचे. माफी मागणं आमच्या गावाला कधीच जमलेलं नाही.

वाल्देमिर बाकावर बसला होता, झोपलेली लेक मांडीवर. त्याने दाराकडे बघितलं. मग लेकीला जागं न करता, हळूहळू, तो बाकाच्या टोकाला सरकला.

शेजारी एका माणसापुरती जागा झाली. जेनिवाल आला आणि तिथे बसला.